भावाला निम्हान्सला न्यायचं का?

जयसिंगपूरजवळच्या एका गावातून एका बहिणीनं विचारलंय. भाऊ ३१ वर्षांचा, आयटीआय झालेला फिटर. तीन वर्षांपासून म्हणतो की शेजारी आपल्याबद्दल बोलतात, मोबाईलमधून कुणीतरी लक्ष ठेवतं. नोकरी सुटली. रात्री झोपत नाही, एकटाच पुटपुटतो. दोन डॉक्टर झाले, दोन औषधं झाली, फरक नाही. आता तर डॉक्टरकडं यायलाच तयार नाही. मामा म्हणतात, बंगळूरला निम्हान्समध्ये, मनाच्या आणि मेंदूच्या आजारांच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, न्या. आई म्हणते, तिथं शॉक देतात, शिकाऊ पोरं प्रयोग करतात, एकदा आत गेला की माणूस परत माणसात येत नाही. वडिलांना पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला न्यायचं आहे. नक्की काय करावं? आणि शेवटी, घाईत लिहिल्यासारखी एक ओळ: "माझं लग्न ठरतंय, त्यांना हे सांगायचं का?"

ताई, मामांना म्हणावं थोडं थांबा, आणि आईंना म्हणावं इतकं घाबरू नका. दोन्ही का, ते सविस्तर लिहिते.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर. नव्वदच्या दशकात दोन वर्षं निम्हान्समध्ये शिकले, पुढची सगळी नोकरी महाराष्ट्रात केली. डॉक्टर नाही, त्यामुळं कुठली गोळी किती घ्यायची हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. घरच्यांनी काय करायचं, ते मात्र मला नीट माहीत आहे.

"दोन औषधं झाली, फरक नाही." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्यावर माझे प्रश्न ठरलेलेच असतात. प्रत्येक औषध किती दिवस झालं? डोस किती होता? आणि गोळी गिळलेली कुणी डोळ्यांनी पाहिली? तुम्ही सांगता तशा भ्रमांवरचं औषध पुरेशा डोसमध्ये साधारण सहा आठवडे रोज पोटात गेलं, तरच ते लागू पडलं की नाही हे म्हणता येतं. पंधरा दिवसांत गुंगी आली म्हणून अर्धी केली, महिन्यानं बरं वाटलं म्हणून सोडली, तर त्याला औषध झालं म्हणत नाहीत. कागलकडच्या एका घरात आई शपथेवर सांगत होती की पोरगं रोज गोळी घेतं. दिवाळीच्या साफसफाईत गादी उन्हात टाकली, तेव्हा खोळीच्या फाटक्या कोपऱ्यातून चाळीसेक गोळ्या घरंगळल्या. पोरगं खोटारडं नव्हतं. गोळीनं हात थरथरायचे, ते त्याला सांगता आलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

म्हणून आज एवढंच करा. जुन्या चिठ्ठ्या आणि उरलेली पाकिटं एका पिशवीत गोळा करा आणि शांतपणे मोजा. गोळ्या पोटात गेल्याच नसतील, तर बंगळूरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल किंवा मिरजेचं सिव्हिल, जे जवळ पडेल तिथल्या मानसोपचार विभागात जा. महिन्यातून एकदा किंवा दोनदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं, त्याबद्दल विचारा. रोजच्या गोळीची रोजची भांडणं त्यानं संपतात. पण दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस, खरोखर घेऊनही कानात येणारे आवाज आणि संशय तसेच राहिले असतील, तर मामांचं बरोबर आहे. अशा वेळी बहुतेक क्लोझापिन नावाच्या औषधाचा विचार होतो. औषध चांगलं आहे, पण त्यानं क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, त्यानंतरही तपासत राहायचं. ते सुरू करण्याआधी निदान पक्कं आहे ना, मेंदूचा किंवा थायरॉइडचा दुसरा काही आजार नाही ना, गांजा-दारू मध्ये नाही ना, हे कुणीतरी मुळापासून बघायला हवं. निम्हान्ससारख्या ठिकाणी जायचं ते यासाठी. तिथून निदान आणि पुढचा आराखडा घेऊन यायचं आणि औषध इथं चालू ठेवायचं. दर महिन्याला बंगळूर कुठल्याच घराला झेपत नाही. सहाव्या महिन्यात वाऱ्या थांबतात आणि वाऱ्यांबरोबर गोळ्याही.

आता आईंच्या भीतीकडं येते. ती हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडं डोकं फिरल्यासारखं कुणी बोललं की "याला येरवड्याला घाला" म्हणतात, मुंबईकडं "ठाण्याला पाठवा", वऱ्हाडात नागपूरचं नाव, कोकणात रत्नागिरीचं. चारही गावांची ओळख तिथल्या मनोरुग्णालयाच्या भिंतीशी जोडली गेली. येरवड्याच्या मनोरुग्णालयाची मंजूर क्षमता २५४० खाटांची. एवढ्या मोठ्या आवारात माणूस हरवेल असं कुणालाही वाटणारच. आणि पूर्वी माणसं खरोखर हरवली आहेत. १९१२ चा जो भारतीय कायदा होता त्याचं नावच 'ल्यूनसी अ‍ॅक्ट'. वेड्याला समाजापासून लांब ठेवायचं, ही त्याची दिशा. तो ऐंशी वर्षं चालला. १९८७ चा नवा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं. आईंनी लहानपणी जे ऐकलं, ते त्या काळातलं आहे.

निम्हान्सची सुरुवातही तशीच. १८४७ मध्ये बंगळूरच्या पेठेत 'ल्यूनॅटिक असायलम' म्हणून. आपल्याकडच्यांना हे दूरचं वाटतं, पण त्याच सुमारास, १८४५ मध्ये, धारवाडलाही असंच असायलम सुरू झालं होतं आणि धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळी या भागातल्या माणसाला धारवाडला नेत असण्याची शक्यता जास्त. तेही हॉस्पिटल आज चालू आहे, डिमहान्स नावानं, आणि तुमच्या गावाहून बंगळूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. हेही लक्षात असू द्या.

तर बंगळूरच्या असायलमचं १९२५ मध्ये 'मेंटल हॉस्पिटल' झालं. म्हैसूर संस्थानानं होसूर रस्त्याला मोकळी जागा दिली आणि १९३० च्या दशकात ते पेठेतून तिथं गेलं. खरा बदल मात्र पुढं झाला, आणि तो इमारतीत झाला नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा लेखाजोखा मांडला. ४० कोटी लोकांना मनोरुग्णालयाच्या खाटा जेमतेम दहा हजार, आणि शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आधी शिकवणारी संस्था काढा, असं समितीनं सांगितलं. त्यातून १९५४ मध्ये त्याच आवारात 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ' सुरू झाली. पुढची वीस वर्षं एका आवारात दोन घरं नांदली, राज्याचं हॉस्पिटल आणि केंद्राची शिक्षणसंस्था. २७ डिसेंबर १९७४ ला दोन्ही एक झाली आणि निम्हान्स हे नाव आलं. मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. आर. एम. वर्मा पहिले संचालक. मनाचा आजार आणि मेंदूचा आजार एकाच छताखाली, हे तेव्हापासूनचं. २०१२ मध्ये संसदेनं कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं.

हा इतिहास सांगितला तो आईंच्या 'शिकाऊ पोरां'साठी. ती पोरं तिथं चुकून आलेली नाहीत, त्यांच्यासाठीच ती संस्था उभी राहिली. आणि अवघड आजारात तुमच्या भावाला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होणार आहे.

कसा, ते सांगते. खाजगी दवाखान्यात चांगल्यातला चांगला डॉक्टर तुम्हाला वीस मिनिटं देईल. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, त्याचा इलाज नाही. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात मात्र एक तरुण डॉक्टर एक-दोन तास, कधी जास्तच, तुमच्यासमोर कागद घेऊन बसतो. तिथल्या भाषेत याला 'वर्क-अप' म्हणतात. जन्म कसा झाला, बाळ लगेच रडलं का, तापात झटके आले का, शाळेत मित्र किती होते, पहिला बदल कुणाच्या लक्षात आला, तेव्हा नोकरीत काय चाललं होतं, आजोळी कुणाला असा त्रास होता का, आत्महत्या कुणी केली का. तुम्हाला वाटेल, एवढं कशाला? पण तीन वर्षांचा संशय आणि सहा महिन्यांपासूनचा संशय यांचा अर्थ वेगळा. आधी उदासी आणि मग आवाज, की आधी आवाज आणि मग उदासी, यावर औषध बदलतं. मग तो कागद वरिष्ठांसमोर जातो आणि तिथं त्या पोराची खरी परीक्षा होते.

माझीही झाली होती. शिकत असताना एका घराबद्दल मी लिहिलं, "कौटुंबिक वातावरण: विशेष काही नाही." आमच्या सरांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "या घरात जेवायला आधी कोण बसतं? पेशंट कुणाबरोबर जेवतो?" मला सांगता येईना. वॉर्डात परत जाऊन विचारलं. पेशंट आठ महिन्यांपासून एकटा, मागच्या खोलीत जेवत होता; वहिनी ताट दारात ठेवून जायची. घरात 'विशेष काही नाही' होतं ते असं! पुढच्या सगळ्या नोकरीत मी हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला. तुमच्याकडंही विचारतेय. भाऊ कुणाबरोबर जेवतो?

डॉक्टर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, मनोविकाराच्या नर्स, सगळे तिथं एकाच वॉर्डात शिकतात, त्यामुळं एकच पेशंट चार बाजूंनी पाहिला जातो. तोटाही आहे, तो लपवत नाही. तेच तेच चारदा सांगावं लागतं. आज बोललेला डॉक्टर सहा महिन्यांनी दुसरीकडं बदललेला असतो. गर्दी प्रचंड. सकाळी लवकर नाव नोंदवून दिवसभर थांबायची तयारी हवी, आणि पहिल्याच दिवशी सगळं उरकेल असं धरू नका. भाषेचं म्हणाल तर देशभरातून आलेली मुलं असतात, हिंदीत निभतं. पण भाऊ स्वतःच्या आवाजांबद्दल बोलेल तो मराठीतच. घरातलं एक माणूस मराठीचं हिंदी नीट करून सांगणारं हवं, मनचं न घालता. "तो म्हणतो, भिंत कुजबुजते" हे "त्याला भास होतात" असं भाषांतरित करू नका. भिंतच सांगा.

संशोधनाची भीतीही अशीच. कुठल्याही अभ्यासात घ्यायचं तर कागद वाचून दाखवतात आणि सही लागते. तुम्ही 'नको' म्हणालात म्हणून उपचार थांबत नाहीत. तसा त्याला नियम आहे, नीतिसमिती आहे. संशोधन म्हणजे डोक्याला वायरी, असं चित्र असेल तर तेही पुसा. तिथल्या ज्या कामाचा मला सगळ्यात अभिमान वाटतो, ते खेड्यांत झालं. १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळच्या सकलवाऱ्यात, मग १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात त्यांनी पाहिलं की प्राथमिक आरोग्य केंद्राचा साधा डॉक्टर आणि गावात फिरणारा आरोग्यसेवक यांना थोडं शिकवलं, मोजकी औषधं दिली, तर गंभीर मनोविकार गावातच सांभाळता येतो का. येतो, असं दिसलं. १९९६ पासून देशात जो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, त्याचा नमुना हा बळ्ळारीचा. आज तुमच्या जिल्हा रुग्णालयात या आजाराच्या गोळ्या फुकट मिळतात, त्याचं मूळ तिथं आहे. शिवमोगा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातही गावोगाव फिरून स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास आणि संशयाच्या गंभीर आजाराची, माणसं शोधून, नेहमीच्या औषधांवर त्यांचं पुढं काय होतं, हे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारीही निम्हान्सकडं होती. १२ राज्यांत दर शंभर प्रौढांमागं दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

शॉकबद्दल थोडक्यात. देतात, पण सगळ्यांना नाही आणि जुन्या सिनेमात दाखवायचे तसा तर नाहीच. भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन देतात. भूल न देता शॉक द्यायला कायद्यानं बंदी आहे. खाणंपिणं सोडलेलं खोल नैराश्य, दगडासारखं निश्चल होणं, जिवावर उठणं, किंवा औषधांनी हात टेकल्यावर, अशा वेळी तो लवकर काम करतो. काही दिवस-आठवडे विसराळूपणा येतो, काहींच्या त्या काळातल्या थोड्या आठवणी परत येत नाहीत. तुमच्या पत्रावरून तरी भावाबद्दल ही चर्चा पहिल्या भेटीत निघेल असं वाटत नाही.

भरतीचं सांगते, कारण आईंच्या पोटात खरा गोळा त्याचाच आहे. निम्हान्सच्या खुल्या वॉर्डात पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहतं. राहावंच लागतं. आई तिथंच, खाटेशेजारी. ही पद्धत आपल्या देशात रुजली कशी, त्याची गोष्ट मला फार आवडते. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटसोबत राहायला सांगितलं. अडचणीतून काढलेली तोड, पण असं दिसलं की घरचं माणूस जवळ असलं की पेशंट लवकर शांत होतो, आणि घरच्यांनाही आजार कळतो. मग वेल्लोरला झालं, बंगळूरला झालं. पाश्चात्त्य देशांतून आलेले पाहुणे याचं नवल करायचे. त्यांच्याकडं घरचे भेटीच्या वेळेला येत. तुमच्या घरातून कोण राहणार, ते आधी ठरवा. आई एकट्या नकोत. दहा-पंधरा दिवस निघतील असा एक पुरुष आणि आलटूनपालटून एक बाई. परिसरात पेशंटच चालवतात अशी बेकरी आहे, छोटं कॅफे आहे. आईंना तिथं एकदा चहाला न्या. बिस्कीट देणारा मुलगा काही वर्षांपूर्वी कुठल्या अवस्थेत होता हे त्याच्या तोंडून ऐकलं, तर मी इथं लिहिलेलं सगळं फिकं पडेल.

कायदाही बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. स्वतःहून भरती झालेला माणूस स्वतःहून घरी जाऊ शकतो. पेशंट निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या, नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या अर्जावर आणि दोघा तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, ३० दिवसांपर्यंत भरती करता येते. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि त्यापुढं ठेवायचं तर मंडळाची मंजुरी लागते. साखळदंड पूर्ण बंद. तामिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये एका आश्रमाला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून गेली, ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

मग माणसं वर्षानुवर्षं आत का राहतात? राज्यातल्या एका मोठ्या मनोरुग्णालयात मी काही वर्षं काम केलं. बऱ्या झालेल्या बायकांना घरी पोचवणं हे माझं काम. एका फाइलवर पत्ता होता, "दत्त मंदिराजवळ", गावाचं नाव आणि तालुका. जीप घेऊन गेलो. दत्त मंदिर होतं, पण त्या नावाचं कुणी त्या गावात कधी राहिलेलं नव्हतं. भरती करतानाच पत्ता खोटा लिहिला होता. दुसऱ्या एका फाइलवरचा फोन भावाचा होता. मी बोलले की तो 'राँग नंबर' म्हणायचा. आवाज मात्र तोच. एकीला गावाचं नाव आठवेना, पण एसटी स्टँडसमोर उसाचं गुऱ्हाळ होतं आणि मागं किल्ला दिसायचा एवढं सांगायची. आम्ही तीन तालुके हिंडून गाव काढलं. आईंना हे सांगा. आत राहिलेल्या बहुतेकांना मी आतून अडकलेलं पाहिलं नाही. बाहेरचा फोन बंद झालेला असायचा. तुम्ही तीन जण एका माणसाच्या उपचारासाठी भांडताय, त्या घरातला मुलगा आत राहत नाही.

यायलाच तयार नाही, त्याचं काय? 'तुझं डोकं बिघडलंय, डॉक्टरकडं चल' यानं कुणी उठत नाही. त्याला जे स्वतःला त्रासदायक वाटतं, ते धरा. झोप लागत नाही, अंग दुखतं, सतत सावध राहून थकलाय, हे त्यालाही मान्य असेल. "झोपेसाठी जाऊ" हे खरं आहे आणि चालतं. "लग्नाला जाऊ" म्हणून दवाखान्याच्या दारात उतरवू नका. संशयाचाच आजार आहे, त्याला पुरावा कशाला देता? चहात थेंब घालून देणारी घरं मी बरीच पाहिलीत. डॉक्टरांनीच सुचवलेलं असतं कधी कधी, आणि अगदी पेचात काहींना त्यानं तरून नेलंय, हेही खरं. पण ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवसापासून तो घरातलं जेवण सोडतो. मी त्याला कधीच होकार दिला नाही. आधी तुम्ही दोघी-तिघं त्याच्याशिवाय मानसोपचार विभागात जाऊन बोला. घरच्यांचं ऐकून घेतात. रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हातात कोयता घेतला, जीव द्यायला निघाला, तर नंबर शोधत बसू नका. ११२ लावा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

बंगळूरला जायचं ठरलंच, तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभरात नेते. खालचा बर्थ, दारापासून लांब, दोन्ही बाजूंना आपली माणसं. आदल्या रात्रीचं औषध चुकवू नका आणि प्रवासासाठी वेगळं काही द्यायचं का, ते इथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुने सगळे कागद, आधार, पिवळं रेशनकार्ड असेल तर ते, आणि उत्पन्नाचा दाखला. सवलतीचं तिथल्या सोशल वर्करला विचारायचं, लाजायचं नाही. आणि आज रात्री वहीत एक पान लिहायला घ्या: पहिला बदल केव्हा दिसला, तेव्हा घरात काय चाललं होतं, कुठलं औषध किती दिवस, काय त्रास झाला, शेवटची नीट झोप केव्हा, गांजा-दारू-तंबाखू किती. तिथल्या गर्दीत, डॉक्टर समोर असताना, हे आठवत नाही. एवढं पान घेऊन येणारी घरं माझ्या नोकरीत फार थोडी आली. त्यांचं काम निम्मं झालेलं असायचं.

वडिलांच्या वाडीबद्दल. जाऊ द्या त्यांना. नरसोबाच्या पादुकांवर डोकं ठेवून ज्या बापाला बळ येतं, त्याचं बळ काढून घेऊन आपण काय मिळवणार? पौर्णिमेच्या गर्दीऐवजी आडवारी जा, घाटावर बसा, भावाला बरं वाटेल. अटी दोनच. औषध सुरू असेल तर त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही, आणि कुणी उपास, मारझोड, धुरी किंवा बांधून ठेवणं सांगितलं तर तिथून उठून यायचं.

आणि घरात बोलताना जरा जपा. "एवढा मोठा घोडा झालास, बापाच्या जिवावर खातोस" अशी वाक्यं ज्या घरात रोज पडतात, तिथं आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. हे लंडनमध्ये मोजलं गेलंय आणि चंडीगडलाही. चंडीगडच्या घरांत अशी बोलणी लंडनपेक्षा कमी निघाली होती, ही आपली जमेची बाजू. गप्प बसणं हा आळस नसतो. तोही या आजाराचाच भाग आहे, आणि आवाजांपेक्षा उशिरा ओसरतो.

तुमच्या लग्नाचं. तुम्ही ते शेवटी एका ओळीत लिहिलंत, पण मला वाटतं पत्र त्याच ओळीसाठी होतं. भावाचा आजार स्किझोफ्रेनिया ठरला, तर तो सर्वसाधारणपणे शंभरात एखाद्याला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता शंभरात नऊ-दहा. म्हणजे शंभरातल्या नव्वद भावंडांना होत नाही, आणि हा आजार बहुधा तरुणपणीच सुरू होतो, त्यामुळं वय सरेल तशी ती शक्यताही घटत जाते. तुमच्या मुलांपर्यंत ती आणखी उतरते. हे आकडे पाठ करून ठेवा, कारण समोरची मंडळी विचारतील.

सांगायचंच. साखरपुड्याआधी सांगायचं आणि मध्यस्थाच्या तोंडून नाही. मध्यस्थ एक तर लपवतात, नाहीतर तिखटमीठ लावतात. मुलाशी तुम्ही स्वतः बोला, चार वाक्यांत: भावाला आजार आहे, आजाराचं नाव हे, उपचार चालू आहेत, पुढं आईवडील थकले की त्याच्याकडं बघण्यात माझाही वाटा असेल. शेवटचं वाक्य गाळू नका. लग्नानंतर भांडण आजारावरून फार होत नाही, ते त्या वाक्यावरून होतं. यावर त्यांनी स्थळ मोडलं तर चार दिवस रडू येईल. माझ्याकडं लपवून झालेल्या लग्नांतल्या मुली यायच्या, सहा-सहा वर्षांनी, भाऊबीजेला माहेरी जायची चोरी झालेल्या.